पोळी सोडण्याआधी: गिरणी, खळं आणि मार्केट यार्डात धान्य हाताळणाऱ्यांच्या ॲलर्जीबद्दल

आमची पिठाची गिरणी अमळनेर तालुक्यातल्या एका गावात आहे. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती आयुष्यभर चालवली. सकाळी मोटर सुरू झाली की पहिल्या अर्ध्या तासात त्यांना ओळीने शिंका यायच्या, मग नाक वाहायचं आणि दुपारपर्यंत खोकला लागायचा. गावात कुणाला त्याचं नवल नव्हतं. गिरणीवाल्याला खोकला असायचाच, असं सगळे धरून चालायचे. पुढे कुणीतरी सांगितलं, "अप्पा, तुम्हाला गहू सोसत नाही, पोळी सोडा." अप्पांनी चार वर्षं पोळी सोडली. लग्नाच्या पंगतीत वरण-बट्टी वाढली जायची आणि ते नुसता भात मागून घ्यायचे. आणि रोज दहा तास त्याच गव्हाच्या पिठात उभे राहायचे. खोकला तसूभरही कमी झाला नाही.

तेव्हा घरात कुणाला कळलं असतं तर, असं आजही वाटतं. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो आहे. गिरणीवाले, जळगावच्या डाळ मिलमधले कामगार, यार्डातले हमाल-मापाडी, थ्रेशरवर पेंढ्या टाकणारे, शेव-पापड आणि बेकरीत पीठ मळणारे, घरी वर्षाचं धान्य चाळून-पाखडून भरणाऱ्या बाया, या सगळ्यांना याचा उपयोग व्हावा.

आधी फरक समजून घ्या: नाकातून गेलेला गहू आणि तोंडातून गेलेला गहू

ॲलर्जी म्हणजे निरुपद्रवी गोष्टीला शरीराने शत्रू समजणं. पिठाची धूळ रोज श्वासातून आत जाते आणि काही जणांचं शरीर गव्हातल्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. याला काही महिने लागतात, कधी कित्येक वर्षं लागतात. त्यामुळे "वीस वर्षं काही झालं नाही, आताच कसं होईल?" हा प्रश्न बरोबर नाही. वीस वर्षांनंतरही होतं.

आजार सहसा नाकापासून सुरू होतो. आधी शिंका येतात, नाक-डोळे खाजतात, पाणी येतं. त्यानंतर खोकला, छाती आवळणं, श्वासात शिट्टीसारखा आवाज. हाच धान्याच्या धुळीचा दमा. वैद्यकात त्याला बेकरीवाल्यांचा दमा म्हणतात, कारण तो त्यांच्यात फार दिसतो. पण आजार जुना आहे. इटलीतले वैद्य रामाझिनी यांनी १७०० साली कामकऱ्यांच्या आजारांवर लिहिलं, त्यात धान्य चाळणारे आणि मापणारे वेगळे नोंदवले आहेत. आपले मापाडी तीनशे वर्षांपूर्वीच वैद्यांच्या नजरेत आले होते.

महत्त्वाची गोष्ट अशी की धुळीने दमा होणाऱ्या बहुतेकांना पोळी व्यवस्थित पचते. भाजण्या-शिजवण्यात त्या प्रथिनांपैकी काही बदलतात, उरलेली पोटात पचून जातात. फुप्फुसाला मात्र ती कच्ची, बारीक, थेट मिळतात. जे नाकातून येतं ते नाकातच अडवायला हवं. ताटातली पोळी काढून ते थांबत नाही.

धूळ नुसती पिठाचीही नसते. साठवलेल्या धान्यात डोळ्यांना न दिसणारे माइट नावाचे बारीक जीव असतात, सोंड्यांचा भुगा असतो, बुरशीचे कण असतात. बेकरीत पाव फुलावा म्हणून मैद्यात बुरशीपासून काढलेलं अमायलेज नावाचं विकर घालतात, त्याचीही ॲलर्जी जोरदार होते. म्हणून जुन्या ज्वारीने त्रास होतो आणि नव्या दादरने (रब्बी ज्वारीने) होत नाही, असं कुणी सांगितलं तर ते मनाचे खेळ समजू नका.

पहिली पायरी: एक वही करा

गोळी-औषधाच्या आधी हे करा, कारण डॉक्टरलाही यातूनच सगळ्यात जास्त कळतं. हिशेबाच्या वहीत मागची पानं पुरतात. रोज चार गोष्टी लिहा: तारीख, आज कोणतं काम केलं (दळण, चाळणी, पोती रचणं, लिलावात धान्य ओतणं, झाडलोट), कोणतं धान्य होतं आणि ते कोरडं, ओलसर की सोंडे लागलेलं होतं, आणि त्रास काय झाला व किती वाजता.

वेळ नक्की लिहा. काहींना धुळीत गेल्यावर दहा-पंधरा मिनिटांत त्रास होतो. काहींना दिवसभर काही होत नाही आणि रात्री दोन वाजता खोकल्याने जाग येते. असा माणूस घरच्या उशीला, थंड पाण्याला, दह्याला दोष देत बसतो आणि गिरणीवरून नजर हटते.

सुट्यांच्या दिवसांची नोंद कामाच्या दिवसांइतकीच जपून ठेवा. आपल्याकडे यासाठी आखाजीसारखी (अक्षय्य तृतीयेसारखी) दुसरी संधी नाही. गव्हा-हरभऱ्याचा हंगाम आटोपत आलेला असतो, बाया माहेरी जातात. गिरणीत हात लावणारी सून आठ-दहा दिवस माहेरी राहिली, खोकला बंद झाला आणि सासरी परतून दोन दिवसांत पुन्हा सुरू झाला, तर ते "माहेरचं पाणी मानवतं" म्हणून सोडू नका. ते निदानाचं अर्धं उत्तर आहे. तिच्या खोकल्याला नाटक म्हणणाऱ्यांना ती वही दाखवा.

जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढण्याच्या कारखान्यात, काम करणाऱ्यांचं थोडं वेगळं असतं. कापसाच्या धुळीने छाती आवळते ती सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी जास्त आणि पुढे आठवडाभरात काहीशी सैल होते. धान्याच्या ॲलर्जीत बहुधा उलटं, दिवस जातील तसा त्रास चढत जातो. खान्देशात एकच माणूस दिवाळीनंतर जिनिंगवर आणि मार्चमध्ये यार्डात असतो, म्हणून दोन्ही हंगाम वहीत वेगळे लिहा.

दुसरी पायरी: फुंकून मोजा

औषधाच्या दुकानात पीक फ्लो मीटर नावाची प्लास्टिकची नळी मिळते. एकदा घेतली की वर्षानुवर्षं चालते. उभं राहून छातीभर श्वास घ्यायचा, ओठ नळीभोवती घट्ट मिटायचे आणि एका झटक्यात फुंकायचं. तीनदा फुंका आणि सर्वांत मोठा आकडा लिहा. असं दिवसातून किमान चार वेळा: उठल्यावर, कामाच्या मध्यावर, काम संपल्यावर, झोपताना. साधारण चार आठवडे करा, आणि त्यात कामाचे दिवस तसे कामापासून दूर असलेले दिवसही हवेत.

उदाहरण घ्या. सुटीत तुमचा आकडा ४०० च्या आसपास असतो आणि दळणाच्या दिवशी संध्याकाळी तो ३१० वर येतो. ही घसरण बावीस टक्क्यांहून जास्त झाली. एका दिवसात वीस टक्क्यांवर चढउतार होत असेल आणि तो कामाच्या दिवशीच होत असेल, तर छातीच्या डॉक्टरला दाखवायला उशीर करू नका. शेजाऱ्याच्या आकड्याशी तुलना मात्र नको. उंची, वय, बाई-पुरुष यांनुसार आकडा बदलतो. तुमची तुलना तुमच्याशीच.

तिसरी पायरी: डॉक्टरकडे काय सांगायचं

आपण तपासणीच्या खोलीत जातो आणि "दम लागस" एवढंच म्हणतो. डॉक्टर बाहेरगावचे असले तर त्यांना त्यातून काहीच हाती लागत नाही. काय काम करतो हे पहिल्या वाक्यात सांगा. "शेतकरी" किंवा "मजूर" नको. "डाळ मिलमध्ये चाळणीवर उभा असतो, हरभरा आणि तूर, आठ तास" असं सांगा. वही आणि आकडे पुढे ठेवा. शक्य असेल तर मोबाइलवर कामाच्या जागेचा, उडत्या धुळीचा छोटा व्हिडिओ न्या.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर आधी थुंकीची तपासणी करून क्षयरोग नाही याची खात्री करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. त्यानंतर स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात फुंकून केलेली फुप्फुसाची मोजणी. जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत छातीच्या विभागात यासाठी जाता येतं. एकाच दिवसाची स्पायरोमेट्री चांगली आली म्हणून दमा नाही असं ठरत नाही, विशेषतः तुम्ही आठवडाभर काम बंद ठेवून गेला असाल तर. हे डॉक्टरला सांगा.

ॲलर्जीची तपासणी दोन प्रकारे होते: हातावर थेंब टाकून बारीक टोचणी देतात, किंवा रक्तातली प्रतिपिंडं मोजतात. टोचणीच्या आधी सर्दी-खाजेच्या गोळ्या काही दिवस बंद ठेवाव्या लागतात, किती ते डॉक्टर सांगतील. दम्याचा पंप मात्र स्वतःहून बंद करायचा नाही. आणि तपासणीत गव्हापुढे खूण आली म्हणजे गहू खायचा नाही, असा अर्थ होत नाही. गवताच्या परागकणांची ॲलर्जी असलेल्यांनाही गव्हाची खूण येते, कारण गहू हेही गवतच. खूण आणि प्रत्यक्ष त्रास जुळले तरच ती ॲलर्जी. चाळीस-पन्नास पदार्थांची यादी हातात देऊन "हे सगळं बंद" म्हणणाऱ्या तपासण्यांवर पैसे घालवू नका.

पंपाबद्दलही बोलतो, कारण अप्पांनी तो घ्यायला फार उशीर केला. पंपाची सवय लागते, हा समज खोटा आहे. त्यात औषध अगदी थोडं असतं आणि ते थेट फुप्फुसात जातं. उलट दर पंधरा दिवसांनी दम्याचं इंजेक्शन टोचून घेणं, किंवा पुडीतली काय आहे ते न सांगितलेली गोळी खाणं, यातून स्टेरॉइडचा मोठा डोस वर्षानुवर्षं जाऊ शकतो; साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात.

आता ताटाकडे वळू

पोळी कधी सोडायची? खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांध्या उठल्या, ओठ किंवा डोळे सुजले, उलट्या झाल्या, घसा आवळला, चक्कर आली, आणि हे पुन्हा पुन्हा त्याच पदार्थाने झालं, तर तो पदार्थ बंद करून ॲलर्जीच्या डॉक्टरकडे जायचं. नुसतं पोट जड होणं, ढेकर येणं ही ॲलर्जी नव्हे. गव्हाने सतत जुलाब होणं, वजन घटणं, रक्त कमी होणं, याला सीलिॲक हा वेगळा आजार कारण असू शकतो. त्याची रक्ततपासणी गहू खाणं सुरू असतानाच करावी लागते. आधी गहू सोडला तर तपासणी फसते.

एक प्रकार हमालांनी मुद्दाम लक्षात ठेवावा. काही जणांना नुसता गहू खाऊन काही होत नाही आणि नुसती मेहनत करूनही काही होत नाही, पण गहू खाऊन पुढच्या काही तासांत अंगमेहनत केली तर सर्वांगावर गांध्या उठतात, रक्तदाब पडतो, माणूस कोसळतो. दुपारी दाबून बट्ट्या खाल्ल्या आणि लगेच ट्रक भरायला लागलो, असा तो प्रसंग. त्यातच कंबर दुखते म्हणून दुखण्याची गोळी घेतली असेल तर धोका वाढतो, आणि ही गोळी यार्डात बहुतेकांच्या खिशात असते. हा प्रकार विरळा आहे, पण लोक त्याला ऊन लागलं म्हणतात आणि मूळ कारण राहून जातं. असं एकदा जरी झालं असेल तर डॉक्टरला जेवण, काम आणि गोळी या तिन्हींच्या वेळा सांगा.

डाळींचंही एक आहे. हरभरा, मसूर यांची ॲलर्जी झालेल्या काहींना डाळ शिजताना निघणाऱ्या वाफेनेही दम लागतो. डाळ मिलमधल्या कामगाराला घरी कुकरची शिट्टी झाली की खोकला येत असेल तर तेही वहीत लिहा.

असा मोठा झटका आला तर वेळ घालवायचा नाही. श्वास लागत असेल तर बसवा. चक्कर येत असेल तर आडवं करून पाय उंच ठेवा, उभं करू नका, चालवत नेऊ नका. १०८ ला फोन करा. यावर खरं औषध ॲड्रेनलिनचं इंजेक्शन, मांडीच्या स्नायूत. ज्या दवाखान्यात ते देतात तिथेच न्या. बरं वाटलं तरी काही तास तिथे थांबा, कारण झटका परतून येऊ शकतो. दम्याच्या रुग्णाला एक वाक्य पुरं बोलता येत नसेल, ओठ निळसर झाले असतील किंवा पंपाने आराम पडत नसेल, तरीही तेच: १०८.

धूळ उठते तिथेच अडवा

माझा सगळ्यात जास्त भर यावर आहे, कारण आमच्या गिरणीत फरक इथूनच पडला.

बार्सिलोना शहरात १९८१ ते १९८७ या काळात दम्याच्या लाटा यायच्या. एकेका दिवशी माणसांची रीघ दवाखान्यात लागायची. अशा २६ लाटा नोंदल्या गेल्या. शोध घेतला तेव्हा कळलं की बंदरावर जहाजातून सोयाबीन उतरवलं जाई, त्याच दिवशी हे घडे. कोठाराला धूळ अडवणारी गाळणी नव्हती. ती बसवली आणि लाटा थांबल्या. अख्ख्या शहराला मास्क वाटावे लागले नाहीत.

आपल्या गिरणीत हीच रीत छोट्या प्रमाणात करता येते. आधी धूळ कुठून उठते ते पाहा. संध्याकाळी दिवे मालवा, गिरणी चालू ठेवा आणि बॅटरीचा झोत आडवा सोडून, झोताच्या समोरच्या बाजूने थोडं कडेला उभं राहून पाहा. एरवी न दिसणारे धुळीचे लोट दिसतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते थेट अप्पांच्या बसायच्या जागेवर येत होते.

त्यानंतर मी केलेले बदल असे. पीठ पडतं त्या तोंडाला जाड कापडाची लांब बाही बांधली आणि ती डब्याच्या तळाजवळ पोहोचेल अशी ठेवली. पीठ जेवढं उंचावरून पडेल तेवढी धूळ. धान्य ओततो त्या तोंडावर पत्र्याचं झाकण केलं. पंखा डोक्यावर होता, तो काढला, कारण तो धूळ खोलीभर फिरवत होता. त्याऐवजी पीठ पडतं त्या बाजूच्या भिंतीत बाहेर हवा फेकणारा पंखा बसवला. आता दाराकडून येणारी स्वच्छ हवा माणसाच्या पाठीवरून पुढे जाते आणि धूळ घेऊन बाहेर पडते. पंख्याचं तोंड शेजाऱ्याच्या अंगणात नाही ना, तेही पाहिलं.

कोरडा झाडू बंद केला. झाडूने आणि कॉम्प्रेसरच्या हवेने बसलेली धूळ पुन्हा नाकाच्या उंचीला येते. फरशी ओल्या फडक्याने पुसतो, यंत्र ओलसर कापडाने, मोटर आणि वायरी सोडून. रिकामी बारदानं दारात झटकत नाही. मोठ्या मिलमध्ये चाळणी आणि एलिव्हेटरला धूळ ओढणाऱ्या नळ्या व पिशव्यांचं यंत्र असतं. असतं पण फाटलेल्या पिशव्यांनी चालतं, ते मालकाने हंगामाआधी तपासायला हवं. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांची संस्था श्वासात जाणाऱ्या पिठाच्या धुळीची मर्यादा एक घनमीटर हवेत अर्धा मिलिग्रॅम एवढी सुचवते. हवेत धूळ डोळ्यांनी दिसू लागली तर आपण त्या मर्यादेच्या कितीतरी पुढे असतो.

खळ्यावर थ्रेशर लावताना वारा बघून तोंड करा, म्हणजे भुसा काम करणाऱ्यांच्या अंगावर येणार नाही. कूस टोचून अंग खाजतं ती बहुधा नुसती टोचणी असते, आंघोळीने जाते. गांध्या उठल्या तर वेगळं. कामाचे कपडे वेगळे ठेवा, घरी आल्यावर लेकराला उचलण्याआधी ते बदला आणि हात-तोंड-नाक धुवा. कानबाईच्या सणातल्या रोटाच्या किंवा दिवाळीच्या दळणाला गर्दी होते तेव्हा बाया लेकरं घेऊन गिरणीत थांबतात. त्यांना ओट्यावर, बाहेर बसवा.

मास्क

उपरणं, गमछा, ओढणी यांनी जाड भुसा अडतो, बारीक पीठ आरपार जातं. एन-९५ किंवा आयएस ९४७३ चा शिक्का असलेला एफएफपी-२ मास्क घ्या. नाकावरची पट्टी दाबा, कडेने हवा येत नाही ना ते फुंकून पाहा. दाढी असेल तर तो नीट बसत नाही. जळगावच्या मे महिन्यात तो आठ तास लावणं माणसाला शक्य नाही, हे मला माहीत आहे. म्हणून निदान धुळीच्या कामांना लावा: पोती ओतणं, चाळणी साफ करणं, भुशाची खोली रिकामी करणं. ओला झाला, श्वास जड जाऊ लागला की बदला. आणि ज्याला दमा आधीच झाला आहे त्याला नुसता मास्क पुरत नाही.

हे ॲलर्जीचं नाही, पण त्यात मिसळतं

अवकाळीत भिजलेला मका किंवा तोंडं बांधून ठेवलेली कुबट पोती उघडल्यावर चार ते आठ तासांनी थंडी, ताप, अंगदुखी, खोकला आला, तर लोक मलेरिया समजतात. बुरशीच्या धुळीने हे होतं. एकदाच झालं तर ते आपोआप बरं होतं. पुन्हा पुन्हा झालं तर फुप्फुस कायमचं आकसू शकतं. तापासाठी डॉक्टरकडे जाल तेव्हा "काल बुरशी लागलेली पोती फोडली" हे सांगा.

धान्यात ठेवायच्या गोळ्या, म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड, हे विष आहे. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू निघतो. त्याने मळमळ, छातीत दडपण, श्वास लागणं सुरू झालं तर ॲलर्जीची गोळी खात बसू नका. मोकळ्या हवेत आणा आणि थेट मोठ्या रुग्णालयात न्या, त्याला उतारा औषध नाही. अशी कोठी असलेल्या खोलीत कधी झोपू नका.

काम बदलायचं का?

हा सगळ्यात अवघड भाग आहे. निदान लवकर झालं आणि धुळीपासून लवकर दूर झालं तर दमा बरा होण्याची शक्यता जास्त असते. वर्षानुवर्षं तसंच रेटलं तर पुढे काम सोडूनही दमा राहतो. अप्पांचं तेच झालं. पण पोट हातावर असलेल्याला "काम सोडा" म्हणणं सोपं नाही. मधला मार्ग आधी शोधा: चाळणीवरून वजनकाट्यावर, पोती ओतण्यावरून शिलाईवर, आतून बाहेर. बदलल्यावर चार आठवडे पुन्हा फुंकून मोजा. आकडा वर आला तर जमलं. नाही आला तर त्या छताखालून बाहेर पडण्याची तयारी करावी लागेल.

कामातल्या ॲलर्जीकारक पदार्थांनी होणारा दमा हा १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत होता आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. म्हणून डॉक्टरच्या कागदावर नुसतं "दमा" नको. कामाचं स्वरूप आणि कामाशी असलेला संबंध लिहून घ्या. मिलमध्ये पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जात असेल तर तिथून उपचार आणि रजेचा लाभ मिळतो. यार्डातल्या हमाल-मापाड्यांनी १९६९ च्या माथाडी कायद्याखाली आपली नोंद आहे ना, हे आजच पाहावं. पावत्या, हजेरीची नोंद, तपासण्यांचे कागद एका पिशवीत ठेवा.

ही तयारी फेब्रुवारीच्या आधी करा, दादर आणि हरभरा खळ्यावर यायच्या आत: गाळण्यांच्या पिशव्या बदलणं, मास्कचा डबा आणणं, हंगामापूर्वीचा फुंकण्याचा आकडा लिहून ठेवणं. आमच्या गिरणीत ती नळी आता दळणाच्या वहीशेजारी खिळ्याला टांगलेली असते. अप्पा सकाळी उठल्यावर आधी ती फुंकतात, आकडा लिहितात आणि मग चहाबरोबर पोळी खातात.